लिंबाचा हेतू

क्रांती चौकात सिग्नलला उभा होतो तेव्हा खिशातला मोबाईल थरथरला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सिग्नलला मोबाईल बाहेर काढला. एरवी असल्या माणसांकडं बघून मी मान हलवतो. मान हलवणं हा माझा स्वभावच आहे. सरोजिनी, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुम्ही झोपेतसुद्धा मान हलवता. मोबाईलवर एक फोटो होता. पांढरा स्वच्छ कागद, त्यावर वाळून सुपारीएवढं झालेलं लिंबू, सात सुकलेल्या मिरच्या, काळा दोरा, आणि शेजारी मापाला ठेवलेली सेंटिमीटरची पट्टी. खाली इंग्रजीत विचारलं होतं: ही वस्तू आपली आहे काय? असल्यास तिचा हेतू कळवावा. मागून रिक्षावाला ओरडला, "चाचा, हरा हो गया! और कितना हरा होना?" मी स्कूटर कडेला घेतली, एका चष्म्याच्या दुकानापुढं लावली आणि फोटो बोटांनी मोठा केला. लिंबाकडं बघायची हिंमत नव्हती, मला दोऱ्याचं टोक बघायचं होतं. टोकाला ब्रह्मगाठ होती, जानव्याला मारतात तशी, तीन वेढ्यांची. आमच्या अख्ख्या कारखान्यात ती गाठ एकाच माणसाला येते. आठव्या वर्षी मुंजीत शिकवलेली, नंतर पन्नास वर्षांत एकदाही न मारलेली, आणि तरी बोटांनी विश्वासघातानं जपून ठेवलेली. तो माणूस चष्म्याच्या दुकानापुढं उभा होता आणि दुकानदार त्याला विचारत होता, "काका, नंबर काढायचाय का?"

मी व्यंकटराव लासूरकर, वय अठ्ठावन्न. वाळूजला नट-बोल्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात कागदपत्रांचा माणूस. वडील लासूर स्टेशनला भिक्षुकी करायचे. मी अकरावीत सायन्स घेतलं आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला "पुरावा काय?" असं विचारायला लागलो. वडील शांतपणे म्हणायचे, "जेवायला चल." तेवढा पुरावा मला पटायचा. जानवं मी कॉलेजात असतानाच काढून ठेवलं. लग्नात मुहूर्ताची वेळ मुद्दाम चार मिनिटं चुकवली, त्याचा उल्लेख सासरे मरेपर्यंत करत होते. आमच्या कॉलनीच्या गणपतीपुढं अंधश्रद्धेवर मी चाळीस मिनिटं भाषण दिलंय; लोकांनी शांतपणे ऐकलं, प्रसाद घेतला आणि पुढच्या वर्षीपासून वक्ता बाहेरून बोलवायला सुरुवात केली. सरोजिनी दर शनिवारी स्कूटरला लिंबू-मिरची बांधायची आणि मी कोपऱ्यावर जाऊन सोडून टाकायचो. कितीतरी वर्षं हे चाललं. शेवटी तिनं तह केला: "बांधत नाही, नुसती डब्याच्या पिशवीत असू द्या. लिंबू काय तुम्हाला चावतंय?" मी मान हलवली. पण पिशवीत राहू दिली. संसारात एवढं चालतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

आता कायदा सांगतो. थोडक्यात सांगतो, कारण मी सविस्तर सांगायला लागलो की सरोजिनी कुकर लावायला निघून जाते. युरोपनं ठरवलं की लोखंडाचा माल आमच्या दारात आणायचा असेल तर तो बनवताना हवेत किती कार्बन सोडला ते टनामागं सांगा. जितका धूर तितका कर. आकडा देता आला नाही तर तो आम्ही आमच्या मनानं धरू. आणि त्यांचं मन काही फार मोठं नाही. दोन वर्षं नुसती तालीम होती, जानेवारीपासून खरं सुरू झालं. आमचे मालक शिवराज हे ऐकून खुर्चीतून उठलेच होते. गंगापूरकडचा ऊस-कापसातला माणूस, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. "लासूरकर, ह्ये दोनशे वर्षं कोळसा जाळून गब्बर झाले, आन् आता आपल्या चुलीपाशी येऊन इचारायलेत, धूर किती? आपुन आत्ता कुठं चूल पेटवली राव! ह्याला न्याय म्हन्त्यात व्हय?" त्यांचं म्हणणं मला पटलं. खरंच पटलं. पण खरं सांगायचं तर मला कायदाही आवडला. तीस वर्षं माझे कागद फाईलला लागायचे आणि फाईल कपाटाला. सही कुठं, शिक्का कुठं, एवढंच लोक बघायचे. आणि आता सात समुद्रापलीकडं कुणीतरी बसलं होतं जे माझा कागद वाचणार होतं! कुणी तरुणपणी प्रेमात पडतं, मी साठीच्या उंबऱ्यावर एका नियमावलीच्या प्रेमात पडलो. आठ महिने मी विजेच्या मीटरपुढं उभं राहून आकडे उतरवले. पोलादाच्या गिरणीवाल्यांना इतके फोन केले की ते माझा आवाज ऐकून "साहेब जेवायला गेलेत" म्हणायचे, सकाळी दहा वाजतासुद्धा. शहराचं नाव बदललं असल्यामुळं निम्मे दाखले एका नावाचे आणि निम्मे दुसऱ्या नावाचे होते. कारखाना एकच आहे, तो कुठंही गेलेला नाही, असं चार पानी पत्र मी लिहिलं. शिवराजच्या मागं लागून तेलाची जुनी भट्टी काढायला लावली, विजेची बसवली, छपरावर सोलर घातलं. ते रोज म्हणायचे, "लासूरकर, तुम्ही कुनाकडून हाय?" शेवटी आकडा आला. टनामागं दोन पूर्णांक चौदा टन कार्बन. मी तो पाच वेळा पडताळला. सहाव्यांदा पडताळताना मला भीती वाटायला लागली.

ही भीती काय होती ते मला अजून नीट सांगता येत नाही. आकडा खोटा असता तर मी घाबरलो नसतो. खोट्याला सवय असते. आकडा खरा होता, चांगला होता आणि माझा होता. लहानपणी मला एकदा गणितात शंभरपैकी शंभर पडले होते आणि आईनं ते आठ दिवस कुणाला सांगू दिलं नव्हतं, त्या आठ दिवसांत पोटात जे व्हायचं तेच व्हायला लागलं. माल भरायचा दिवस शनिवारचा निघाला. कंटेनर दारात लागला. आमच्याकडं पॅकिंगला सरूबाई आहेत, कारखाना सुरू झाल्यापासूनच्या. प्रत्येक कंटेनरपुढं त्या नारळ फोडतात, दाराला कुंकवाची पाच बोटं ओढतात आणि सगळ्यांना खोबरं वाटतात. मी नेहमीप्रमाणं बाजूला उभा राहून मान हलवली आणि खोबरं खाल्लं. मग शेवटची पाहणी करायला एकटाच आत गेलो. लाकडी पॅलेटांवर भट्टीत तापवल्याचा ठसा आहे का ते बघितलं, कारण लाकडातून कीड जाऊ नये असाही त्यांचा कायदा आहे. तिथंच उभ्या उभ्या दाखल्यावर सही केली: आत माती, बी, साल, फळ अथवा वनस्पतीचा कोणताही अंश नाही. पेन अजून हातात होतं. कंटेनरात अंधार होता, लोखंडाला नव्या तेलाचा वास येत होता, आणि मला एकदम वाटलं, हा आकडा आता निघाला. ज्यांनी मला कधी पाहिलं नाही ते याच्याकडं रोखून बघणार. मी पिशवीत हात घातला. दोरा ओढताना तुटला, मिरच्या खाली सांडल्या, अठ्ठावन्न वर्षांचा विवेकवादी गुडघ्यावर बसून चाचपडत मिरच्या गोळा करायला लागला. सात भरल्या. कशाबशा ओवल्या, बोटांनी आपल्या मनानं गाठ मारली आणि शेवटच्या पॅलेटच्या मागं ते प्रकरण अडकवलं. बाहेर आलो आणि सरूबाईंच्या कुंकवाकडं बघून पुन्हा मान हलवली. लाज नाही ती नाहीच.

फोटो आला त्या दिवशी मी कारखान्यात पोचलो तर शिवराजकडं तोच फोटो आधीच आलेला होता. ग्राहक कंपनीनं सोबत दोन पानी अहवाल जोडला होता. पॅलेट तपासायला कंटेनर उघडला असता वनस्पतिजन्य वस्तू आढळली. एका मिरचीत अळी आहे. अळी मृत आहे. ती प्रवासापूर्वी मेली की प्रवासात, हे तपासलं जात आहे. जबाबदार व्यक्तीचं नाव आणि केलेली कारवाई कळवल्याशिवाय माल सुटणार नाही. शिवराज हसत नव्हते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "सरूबाईशिवाय दुसरं कोन करनार?" ते म्हणाले. "नारळ फोडा म्हनलं, कुंकू लावा म्हनलं, आत लिंबू टांगा कुनी म्हनलं व्हतं? माझा जीव तुटतोय लासूरकर, लई जुनं मानूस हाय. पन त्यांना नाव पायजे. तिला घरी बसवतो. तुम्ही कारनांचा तक्ता भरा, तीनला त्या बाईंचा फोन हाय." ग्राहक कंपनीच्या तपासणीच्या बाई हॅम्बुर्गला बसतात, माझा आकडाही त्यांच्याकडंच गेला होता. मी तोंड उघडलं. तोंडातून शब्द आला तो "बरं". तो एवढा मुकाट्यानं आला की मलाच त्याचं आश्चर्य वाटलं.

कारणांच्या तक्त्यात पाच वेळा "का?" विचारायचं असतं. मूळ कारण पाचव्या "का"ला सापडतं असा जगभर समज आहे, आणि त्याला मात्र कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही. मी लिहायला बसलो. कंटेनरमध्ये लिंबू का आढळलं? कारण ते कुणीतरी बांधलं. का बांधलं? नजर लागू नये म्हणून. नजर का लागेल? कारण आकडा चांगला आहे. आकडा चांगला आहे तर भीती का? इथं पेन थांबलं. चौथ्या चौकटीत मी अर्धा तास बसलो. खिडकीतून पॅकिंगचं शेड दिसत होतं आणि शेडच्या मागच्या भिंतीपलीकडं सरूबाईंची खोली, तिच्यापुढं दोरीवर वाळत घातलेली लुगडी. मी उठलो आणि शेडमध्ये गेलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. फक्त चौथ्या चौकटीपासून लांब जायचं होतं.

सरूबाईंना बातमी कळलेली होती. त्या बोल्टांच्या पेट्यांवर पट्ट्या आवळत होत्या, नेहमीपेक्षा जोरात. "या सायेब. मला घरी बसवायलेत म्हनं. घरात बसू कुठं? दोन मानसं उभी राह्यली की तिसऱ्याला भायेर जावं लागतंय." मी म्हणालो, बघू, काहीतरी मार्ग निघेल. हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी म्हटलं त्या त्या वेळी मला मार्ग ठाऊक होता आणि तो मला नको होता. "दावा बरं फोटू," त्या म्हणाल्या. मी मोबाईल पुढं केला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं रडतात की काय. तर त्या भडकल्या होत्या. "ह्ये मी बांधलंय म्हन्त्यात? ह्ये? आवो, बिब्बा कुठंय ह्यात? आन् मिरच्या तीन वर, चार खाली, मधी लिंबू! काय वरात काढायची व्हती का मिरच्यांची? मला काय येवडं बी येत नाय व्हय? चाळीस वर्सं बांधतीय मी. ह्ये कुन्या तरी अडान्याचं काम हाय सायेब, ज्याला ह्यातलं ओ की ठो कळत नाय!" मी मान खाली घातली. आयुष्यभर ज्या गोष्टीची टर उडवली तीच गोष्ट करायला गेलो, आणि तीही धड जमली नाही. घरी बसावं लागण्याचं दुःख एका बाजूला होतं. पण असलं ध्यान त्यांच्या नावावर लागतंय हे त्यांना सहन होत नव्हतं. थोड्या वेळानं त्या शांत झाल्या. "जाऊ द्या. तुमाला एक सांगू का, ती तेलाची भट्टी काढली ना तुमी, तवापास्नं माझी लुगडी वाळल्यावर हाय त्या रंगाची राह्यत्यात. आधी लई काळं पडायचं. नात खोकायची रातच्याला, ती बी थांबली. मी मालकाला म्हनलं, लई पुन्याचं काम केलंत. त्ये म्हनले, मी नाय, लासूरकर सायेबांनी लावलं करायला." मी त्यांच्याकडं बघितलं. आठ महिने मी टन मोजले, युनिटं मोजली, दशांशाच्या पुढं तीन घरं मोजली, आणि भिंतीपलीकडची एक दोरी मला दिसली नव्हती. कायदा जिथं लिहिला गेला तिथंही ती कुणाला दिसलेली नसणार. चांगुलपणानं बोलणाऱ्या माणसापुढं उभं राहणं फार अवघड असतं, विशेषतः आपण त्याच्या पोटावर पाय दिलेला असताना.

तीन वाजता फोन लागला. केबिनच्या भिंतीवरच्या पडद्यावर हॅम्बुर्गच्या बाई आल्या. पिकलेले आखूड केस, समोर माझा आकड्यांचा कागद, त्यावर पेन्सिलच्या बारीक खुणा. दारात सरूबाईंना उभं केलेलं होतं; इंग्रजी त्यांना येत नाही, पण आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळायला भाषा लागत नाही. शिवराजनी सुरुवात केली, की आम्हाला अत्यंत खेद आहे, जबाबदार व्यक्ती आम्ही शोधली आहे आणि तिला— "मी बांधलं," मी म्हणालो. शिवराज थांबले. मग मराठीत म्हणाले, "लासूरकर, चहा घ्या." मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी पुरं वाक्य म्हणालो: ज्या हातानं दाखल्यावर सही केली त्याच हातानं बांधलं, सही आधी केली. शिवराजनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, बघितला आणि परत ठेवला. बाईंनी चष्मा वर केला. "आभारी आहे. आता हेतू सांगा. फॉर्ममध्ये ती जागा मोकळी ठेवता येत नाही." मी म्हणालो, आमच्याकडं एक समजूत आहे, मी स्वतः ती मानत नाही, म्हणजे मानत नव्हतो, की चांगल्या गोष्टीला वाईट नजर लागते, ती लागू नये म्हणून हे बांधतात. "कोणाची नजर?" बाईंनी विचारलं. सरळ प्रश्न होता. त्यांना फक्त लिहून घ्यायचं होतं. आणि चौथ्या चौकटीत दिवसभर अडकलेलं उत्तर माझ्या तोंडातून आपलं आपण बाहेर पडलं.

"तुमची," मी म्हणालो.

शिवराजनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, गेलं. माल गेला, ग्राहक गेला, शिवराजची विजेची भट्टी गेली, आणि हे सगळं मी आयुष्यात एकदा खरं बोललो म्हणून. पडद्यावरच्या बाईंनी टाईप करायला घेतलं. "तसा पर्याय इथं नाही," त्या म्हणाल्या. "खाद्य, बियाणं, शोभा, कीडनियंत्रण, इतर." शिवराज घाईघाईनं म्हणाले, "शोभा! शोभा लिहा मॅडम!" बाई म्हणाल्या, "मी 'इतर' लिहिते." लिंबू जाळण्यात येईल, कंटेनरला औषधाची धुरी दिली जाईल, दोन्हीचा खर्च आमच्याकडं, आणि पुन्हा असं घडलं तर करार संपेल. ते लिंबू जाळताना निघणारा कार्बन कोणाच्या नावावर धरणार, हे माझ्या ओठावर आलं होतं, पण शिवराजनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मग बाईंनी पेन्सिलच्या खुणांचा तो कागद उचलला. "आणखी एक. तुमचे आकडे मी दोनदा तपासले, मिस्टर लासूरकर. एकही चूक नाही. हे फार चांगलं काम आहे. लिंबाची गरज नव्हती." पडदा काळा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. लपवण्यासारखं त्या दिवशी माझ्याकडं काही उरलंच नव्हतं.

शिवराज मला खूप बोलले. "शिकलेल्या मानसानं आसं करावं! आन् दुसऱ्याच्या गळ्यात पडत व्हतं तरी दिवसभर गप?" त्यातलं पहिलं मला लागलं नाही, दुसरं लागलं. अजून लागतं. सरूबाईंना दारातच सगळं मराठीत सांगावं लागलं, आणि ते मीच सांगितलं. त्या आधी ऐकत राहिल्या, मग पदर तोंडाला लावला, मग पदर पुरेना. हसता हसता भिंतीला टेकल्या. "तुमी? अरं द्येवा! तरीच म्हनलं, असलं ध्यान कुनाचं आसंल!" मग हसू एकदम थांबवून म्हणाल्या, "सकाळी मला घरी बसवायलेत म्हनलं तवाच सांगायचं व्हतं सायेब." मी हो म्हणालो. यापेक्षा मोठा बोल त्यांनी मला लावला नाही. घरी सरोजिनीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बिब्बा कुठं पाडलात?" आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बराच वेळ फोनवर बहिणीशी बोलत होती.

माल सुटला. कारवाई म्हणून शिवराजनी नवा नियम केला आणि मीच तो सुबक इंग्रजीत टाईप करून हॅम्बुर्गला पाठवला: यापुढं कंटेनरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची झडती सरूबाई घेतील, त्यांच्या परवानगीशिवाय दार बंद होणार नाही. त्यासाठी त्यांना एक शिट्टी आणि पिवळं जाकीट मिळालंय. पुढचा कंटेनर लागला तेव्हा त्यांनी नारळ चांगला दहा पावलं लांब फोडला, करवंटीचा तुकडा न् तुकडा वेचला, हात धुतले, आणि दाराशी उभ्या राहून सगळ्यांत आधी मला बोलावलं. पिशवी उघडली. डबा उघडला. भाजी हुंगली. शर्टाचे दोन्ही खिसे, पॅन्टचे दोन्ही खिसे, चष्म्याचं घर. "फिरा," म्हणाल्या, आणि मी फिरलो. ड्रायव्हर बघत होता. मी आत गेलो, ठसे बघितले, सही केली, रिकाम्या हातानं बाहेर आलो. या वेळचा आकडा मागच्याहूनही कमी होता. दार लागलं, कडी पडली, आणि पोटात पुन्हा तेच सुरू झालं, शंभरपैकी शंभरवालं, तसूभरही कमी नाही. मी हात मागं बांधून उभा राहिलो. सरूबाईंनी माझ्याकडं रोखून बघितलं, शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि खाली घेतली.

"काय पुटपुटायलात सायेब?"

"काही नाही."

"ओठ हलायलेत तुमचे."

मी ओठ मिटले. त्या जवळ आल्या, इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली केला.

"म्हना, म्हना. त्याला काय आळी पडत नाय."

आणि त्यांनी जोरात शिट्टी मारली.